पाय आधी

तिसरी शंका-चिठ्ठी आली तेव्हा मी डबा उघडून पहिला घास तोंडात घातला होता. आमच्या इस्पितळात अशी पद्धत आहे, की एका विभागाला दुसऱ्याच्या कामाबद्दल काही शंका आली तर ती पिवळ्या कागदावर लिहून पाठवायची, आणि ज्याला विचारलंय त्याने खाली उत्तर लिहून सही करायची. पद्धत चांगली आहे. ज्याने काढली त्याला बहुधा चिठ्ठ्या येत नसाव्यात.

शिपाई दारात उभा राहून म्हणाला, "बाई म्हणाल्या घाई नाही. पण उत्तर घेतल्याशिवाय परत येऊ नको, असंही म्हणाल्या."

चिठ्ठी उघडायचीही गरज नव्हती, तरी उघडली. तेच ते. साडेतीन वर्षांची मुलगी, जन्मापासून ऐकू येत नाही, इम्प्लांट बसवायचं आहे. माझ्या तपासणीत तिचा उजवा कान मोठ्या आवाजाला दाद देतो, डावा अजिबात नाही. तुमच्या स्कॅनमध्ये नेमकं उलटं आहे. कृपया बाजू पुन्हा तपासावी. ऑपरेशन उद्या सकाळी आहे. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, "बाजू बरोबर आहे." दुसरीवर, "बाजू बरोबर आहे. मशीन चुकत नाही." आता तिसरीवर लिहिलं, "बाजू बरोबर आहे. वारंवार विचारू नये." आणि अशी सही ठोकली की कागदाला भोक पडलं. शिपायाने भोकातून माझ्याकडे बघितलं आणि गेला.

मी सीटी स्कॅनच्या खोलीत एकवीस वर्षं काम करतोय. सगळे मला मागून 'कुकर' म्हणतात, मला माहीत आहे. सकाळी मी आलो की नर्सेस एकमेकींना विचारतात, "आज किती शिट्ट्या झाल्या?" होऊ देत. माझ्याकडे माणूस टेबलावर सरळ झोपतो, सरळ उठतो आणि चित्र स्वच्छ निघतं. बाकीच्यांनी आपापलं काम असं चोख केलं असतं तर मला शिट्ट्या माराव्या लागल्या नसत्या.

चिठ्ठ्या पाठवणाऱ्या बाई म्हणजे कान तपासणाऱ्या बाई. तळमजल्याच्या टोकाला त्यांची खोली आहे. मशीनवरच्या तपासण्या त्या करतातच, पण लहान मुलांच्या पाठीमागे उभं राहून एक छोटा ढोलही वाजवतात, आणि मूल कुठल्या बाजूला वळतं ते वहीत लिहितात. म्हणून मी त्यांना ढोलकीबाई म्हणतो. तोंडावर नाही. मनात माझं म्हणणं साधं होतं: आमच्याकडे हाडाचं केसाएवढं भोक दिसतं, आणि ही बाई ढोल बडवून मला बाजू शिकवणार!

त्या मुलीचा स्कॅन मला चांगला आठवत होता. इतका चांगला, की चारचौघांत मी तो दोन-तीनदा फुशारकीने सांगितलाही होता.

पाच आठवड्यांपूर्वीची गोष्ट. ठकी तिचं घरचं नाव. आई-बाप दोघंही कारखान्यात पाळीवर, म्हणून तिला आजोबाच सगळीकडे घेऊन फिरायचे. आजोबा घड्याळं दुरुस्त करणारे. डोळ्याला भिंग लावून लावून त्यांची एक भुवई कायमची वर गेलेली, त्यामुळे ते नेहमी काहीतरी विचारायच्या बेतात आहेत असं वाटे. वॉर्डातून मला कळवलं होतं, की मुलीला झोपेचं औषध पाजून पाठवतो. पाठवली ती टक्क जागी. औषध तिने आजोबांच्या सदऱ्यावर थुंकलं होतं. डाग मी स्वतः पाहिला.

ऐकू येणाऱ्या मुलाला निदान सांगता येतं. हलू नकोस, संपलंच, हे बघ किती शहाणं बाळ आहे. मूल रडत असलं तरी ओळखीचा आवाज कानावर पडला की जरा सैल होतं. ठकीला आवाजाचा उपयोगच नव्हता. तिला टेबलावर ठेवलं, डोकं मशीनच्या गोल कड्याकडे केलं, आणि ते पांढरं कडं तोंडावर येताना दिसलं मात्र, तिने अशी उसळी मारली की आजोबांचं भिंग खिशातून उडून पडलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिने मला चावलं.

तेव्हा मला माझी जुनी युक्ती आठवली. मी तिला फिरवली. पाय कड्याकडे, डोकं बाहेर. म्हणजे आधी पाय आत जाणार, मग पोट, आणि डोकं कड्यात जाईपर्यंत तिला वर आजोबांचंच तोंड दिसणार. आजोबांना शिशाचा जड कोट घातला, तिच्या डोक्याशी उभं केलं आणि म्हटलं, "आजोबा, तोंडाचा चंबू करा, गाल फुगवा, काय वाटेल ते करा. पण तिची नजर हलू देऊ नका." आजोबांनी गाल फुगवले. ठकीने बघितलं. तिनेही फुगवले. हात सरळ अंगाशी धरून, गाल फुगवून ती पोर आत गेली आणि अकरा सेकंद दगडासारखी पडून राहिली. आजोबा निघताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस मी या इमारतीत पाहिला नाही." मलाही ते पटलं.

आता हा स्कॅन कशासाठी होता ते सांगतो, म्हणजे माझा राग कळेल. कानाच्या आत, हाडात, शंखासारखी अडीच वेढ्यांची पोकळी असते. आवाज तिथे उतरतो आणि नस तो मेंदूकडे नेते. इम्प्लांटची तार त्या शंखात सरकवायची असते. काही मुलांचा शंख जन्मतःच अर्धवट असतो, काहींचा नसतोच. ठकीच्या एका कानात दीड वेढ्याचा शंख होता, लहान पण कामाचा. दुसऱ्या कानात शंखाच्या जागी नुसतं भरीव हाड. तिथे तार घालायला जागाच नाही. म्हणजे चालणारा कान एकच, आणि तो कुठला हे चित्र सांगणार. एमआरआयचं मशीन दोन महिने एका सुट्या भागासाठी बंद पडलेलं, आणि अशा मुलीचा एकेक महिना मोलाचा, तेव्हा ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर म्हणाले की सीटीवरच करू, हाड तर लख्ख दिसतंय. रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर दुसऱ्या इमारतीत बसतात, पेशंट त्यांना कधी दिसत नाही, फक्त चित्र दिसतं. त्यांनी लिहिलं: डावीकडे दीड वेढ्याचा शंख, उजवीकडे शंख नाही. झालं. डावा कान ठरला.

आणि मग ढोलकीबाईंच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या चिठ्ठीनंतर त्यांनी मला कँटीनमध्ये गाठलं होतं. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच मी म्हणालो, "बाई, झोपवून केलेल्या तपासणीत तुमच्याच मशीनने दोन्ही कानांना सरळ रेघ दाखवली. मग ऐकतंय कोण?"

"ती रेघ बारीकसारीक ऐकणं पकडत नाही नेहमी," त्या म्हणाल्या. त्या हळू बोलतात. मला हळू बोलणाऱ्या माणसांचा जास्तच राग येतो. "मी तिला सहा वेळा बसवलंय. उजव्या कानात मोठा आवाज सोडला की खेळणं टाकते. डाव्या कानात कितीही सोडा, ढिम्म. सहाच्या सहा वेळा."

"मोठे डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, तिला ऐकू येत नाहीये, हादरा जाणवतोय."

"मग झालं की!"

"हादरा दोन्ही बाजूंनी जाणवला असता ना, दादा?"

उत्तर नसलं की मी काय करतो ते सगळ्या इस्पितळाला माहीत आहे. मी आवाज चढवला. म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं, तुमचा ढोल जुळत नाही तर माझं मशीन चुकलं. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि गेल्या. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, तेव्हा जिंकल्यासारखंच वाटलं.

तर तिसऱ्या चिठ्ठीवर सही ठोकली त्याच दुपारी, साडेतीनच्या सुमाराला, दार ढकलून त्या स्वतः आल्या. मागे आजोबा, त्यांच्या बोटाला धरून ठकी. ठकीच्या डाव्या कानामागचे केस काढले होते आणि तिथे निळ्या शाईचा बाण काढला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अशी खूण करतात.

"पुढचा पेशंट कधी आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे, वीस मिनिटांनी. आणि तुम्हाला उत्तर मिळालंय."

"मिळालं. भोकासकट मिळालं." त्यांनी तिन्ही चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. "मला कुणाची सही नको आहे आता. पाच मिनिटं द्या. मी तुमच्यासमोर तपासते. तुम्ही फक्त बघा. मोठे डॉक्टर म्हणतात, बाईंना वाटतंय म्हणून मी कान बदलू का. दुसरं कुणीतरी बघितलं आहे असं मला सांगता आलं पाहिजे."

"मी काय कानाचा डॉक्टर आहे? मी बघून काय करू?"

"तुम्हाला डोळे आहेत ना?"

"डोळे आहेत म्हणूनच एकवीस वर्षं चित्रं काढतोय!" मी ओरडलो. "उद्या मी तुमच्या खोलीत येऊन ढोल कसा धरायचा ते शिकवलं तर चालेल? तीनदा लिहून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी! एका पोरीच्या पायी..."

माझं बोलणं तिथेच तुटलं. कारण आम्ही भांडत असताना ठकीने आजोबांचं बोट सोडलं होतं.

टेबल पुढच्या पेशंटसाठी खाली आणून ठेवलेलं होतं. ठकी त्याच्याशी गेली, गुडघा टेकवून वर चढली. तिला ती जागा ओळखीची होती. तिने एकदा कड्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. मग ती वळली, पाय कड्याकडे केले, उताणी पडली, हात सरळ अंगाशी धरले आणि गाल फुगवून वाट बघू लागली.

आजोबा हसले. "बघा, तिला आठवतंय. तुम्ही शिकवलंत ते."

मी तिच्या तळव्यांकडे बघत होतो. एका तळव्याला बिस्किटाचा चुरा चिकटला होता. ते दोन तळवे कड्याच्या तोंडाशी होते.

मशीनला पेशंट दिसत नाही. तो कुठल्या अंगाने आत आलाय हे आपण बटण दाबून सांगायचं असतं: डोकं आधी, की पाय आधी. उताणा माणूस डोक्याकडून आत गेला तर त्याचा डावा हात खिडकीकडे येतो. तोच माणूस पायांकडून आत गेला तर डावा हात दाराकडे येतो. मशीन भिंत ओळखतं, हात ओळखत नाही. बटण चुकलं तर ते खिडकीकडच्या कानाला बिनदिक्कत 'डावा' लिहितं, आणि चित्र दिसायला इतकं बरोबर दिसतं की दुसऱ्या इमारतीतल्या डॉक्टरांना काय, कुणालाच शंका येऊ नये.

मी काचेमागे, कॉम्प्युटरपाशी गेलो. खुर्चीत बसलो. ठकीचं नाव टाईप करताना दोनदा चुकलं. चित्र उघडलं. वरच्या कोपऱ्यात, जिथे मी एकवीस वर्षांत कुणाला बघायला सांगितलं नाही, तिथे बारीक अक्षरांत होतं: डोकं आधी.

सगळं आठवलं. पोरीला फिरवून, आजोबांना कोट घालून मी काचेमागे आलो तेव्हा फोन वाजत होता. वॉर्डाचा. औषध थुंकलेलं कुणी कळवलं नाही म्हणून मी त्यांना धारेवर धरलं. रिसीव्हर मान आणि खांद्यात धरून भांडत भांडतच मी स्क्रीनवरचे रकाने भरले. नव्या पेशंटला मशीन आपणहून 'डोकं आधी' धरतं, ते बदलावं लागतं. आधी फिरवलेल्या मुलांच्या वेळी मी बदललं होतं. त्या दिवशी मला त्या नर्सला शेवटचं वाक्य सुनवायचं होतं. मी सुनवलं आणि पुढचं बटण दाबलं.

आणि मशीनने सांगितलंही होतं. समोरून दिसणारं उभं चित्र उलटं आलं होतं, टाळू खाली आणि हनुवटी वर. मला तेही आठवलं. मी म्हणालो होतो, "हेही डोक्यावर पडलंय," आणि एका बटणाने चित्र सरळ करून पाठवून दिलं होतं. स्वच्छ, नीटनेटकं चित्र. माझ्या हातून वाकडं चित्र जात नाही ना!

बाई काचेशी आल्या होत्या. त्यांना माझा चेहरा दिसत असावा.

"बरोबर आहात तुम्ही," मी म्हणालो. "बाजू उलटी आहे."

मला वाटलं होतं त्या काहीतरी बोलतील. कँटीनचं तरी काढतील. त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला आणि मोठ्या डॉक्टरांना खाली बोलावलं.

आजोबांना मीच सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण ठकी अजून टेबलावर गाल फुगवून पडली होती आणि ते माझ्याकडे बघून हसत होते. म्हणालो, "आजोबा, माझ्या हातून चूक झाली. डाव्याचं उजवं झालंय. उद्या चुकीचा कान उघडला असता."

ते हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. वर गेलेली भुवई तेवढी तशीच राहिली.

"उघडला असता तर काय झालं असतं?"

"आत शंख सापडला नसता. आणि अशा कानात चेहऱ्याची नस कधी कधी भलत्या जागी असते. तिला धक्का लागला असता तर तोंड वाकडं झालं असतं कायमचं."

आजोबा टेबलाकडे वळले. मग म्हणाले, "ती पोर दवाखान्याच्या गेटातून आत यायला रडते. इथे मात्र आपणहून जाऊन झोपली. तुमच्या भरवशावर."

मला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

मोठे डॉक्टर आले ते धापा टाकतच. त्यांनी चित्र बघितलं, कोपरा बघितला, टेबलावरच्या तीन पिवळ्या चिठ्ठ्या बघितल्या. ते माझ्यासारखे ओरडत नाहीत.

"बाईंनी तीनदा विचारलं होतं?"

"हो, सर."

"तीनदा सही केलीत?"

"हो."

"तीनपैकी एकदा तरी चित्र उघडलंत?"

"नाही, सर."

ते बाईंकडे वळले. "आणि मी तुम्हाला म्हणालो, हादरा असेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नुसत्या आठवणीवर मी कान बदलणार नाही. पुन्हा स्कॅन काढा. आत्ता, माझ्यासमोर."

पुढचा पेशंट बाहेर बाकावर बसवला. मी शिशाचा कोट आजोबांपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"मागच्या वेळी मी तिच्याकडे बघत होतो," आजोबा म्हणाले. "आज तुमच्याकडे बघणार."

कोट बाईंनी घातला. त्या ठकीच्या डोक्याशी उभ्या राहिल्या आणि त्या हळू बोलणाऱ्या, कधी मोठ्याने न हसणाऱ्या बाईंनी गाल असे फुगवले की डोळे बारीक झाले. ठकीने आधी संशयाने बघितलं. मग तिनेही फुगवले.

आजोबा काचेमागे माझ्या खुर्चीला चिकटून उभे राहिले. खिशातलं भिंग काढून त्यांनी डोळ्याला लावलं. मी रकाने भरत गेलो आणि ते एकेक अक्षर वाचत गेले.

"हा कुठला?"

"पेशंट कसा आत जातोय त्याचा."

"काय लिहिलंय?"

"डोकं आधी."

"मग?"

मी बदललं.

"आता वाचा."

"पाय आधी."

"दाबा."

अकरा सेकंद. उभं चित्र आलं ते सरळ आलं, टाळू वर, हनुवटी खाली. कुणी काही फिरवायची गरज नव्हती. आणि दीड वेढ्याचा तो इवलासा शंख उजवीकडे होता. डावीकडे भरीव हाड.

डॉक्टरांनी लांब श्वास सोडला. दुसऱ्या इमारतीत फोन करून त्यांनी जुना रिपोर्ट रद्द करायला सांगितला. जाताना म्हणाले, "डाव्या कानामागची खूण पुसा. उजवीकडची मी वॉर्डात येऊन स्वतः करतो. आणि तुम्ही उद्या सकाळी नऊला माझ्या खोलीत या. लेखी घेऊन या, काय आणि कसं झालं ते. तुम्ही याआधी अशी फिरवलेली मुलं किती?"

"आठ, सर."

"आठही चित्रं उघडा. बाई, तुमच्या वह्या आणा. दोघांनी मिळून जुळवा. आज."

जुळली. आठही जुळली, संध्याकाळी साडेसहाला आम्ही शेवटचं बंद केलं. पण ते नंतर. त्याआधी मी कापसावर स्पिरिट घेतलं आणि ठकीच्या कानामागची खूण पुसायला लागलो. ती आजोबांच्या मांडीवर बसली होती, त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीशी खेळत. निळी शाई सहजासहजी जाईना. कातडी लाल झाली तरी बाणाची फिकट रेघ राहिलीच. माझी चिडचिड व्हायला लागली. शाईवर, कापसावर, स्पिरिट पातळ करून भरणाऱ्यावर. मग कळलं की कापूस मीच नीट भिजवला नव्हता.

"तिला सांगा," आजोबा अचानक म्हणाले.

"काय?"

"चूक झाली म्हणून. मला सांगितलंत, डॉक्टरांना सांगितलंत. कान तिचा आहे."

"आजोबा, तिला ऐकू कुठे..."

"येतं म्हणाल्या ना बाई? उजवीकडून. मोठ्याने सांगितलं तर."

मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं त्या मला यातून सोडवतील. त्या म्हणाल्या, "तिच्या पाठीमागे या. उजव्या बाजूला. अजून. आता दोन पावलं मागे, नाहीतर मोठे डॉक्टर म्हणतील श्वास लागला म्हणून वळली. सावली पडू देऊ नका."

मी दोन पावलं मागे सरलो. समोर तिचा छोटा उजवा कान होता, त्यामागचे केस जागच्या जागी. एकवीस वर्षं मी या खोलीत ओरडतोय. शिपायावर, वॉर्डावर, फोनवर, मशीनवर. कुणाला ऐकू जावं म्हणून एकदाही ओरडलो नव्हतो.

"चुकलं माझं!" मी ओरडलो. बाहेर बाकावर बसलेला पेशंट उठून उभा राहिला.

ठकीच्या हातातली गुंडी सुटली. ती क्षणभर तशीच थांबली. मग तिने मान वळवली, उजवीकडून, आणि वर माझ्याकडे बघितलं.

आजोबांनी तिला घट्ट धरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मला लपवता आलं नाही.

बाईंनी घड्याळात वेळ बघितली, खिशातून पेन काढलं आणि एका कोऱ्या पिवळ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. कागद माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "साक्षीदार म्हणून खाली सही करा."

मी पेन घेतलं. मग ती चिठ्ठी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली, आणि नंतर सही केली.